शेतकरी उत्पादक कंपनीचे ई-टपाल : नोंद, निवड आणि निकाल

शेतमाल पिकविणे व तो विकणे ही दोन्ही कामे पूर्वी बहुधा समोरासमोर होत असत. माल आडतीवर गेला, बोली झाली, पट्टी हाती पडली की व्यवहार संपला. लेखी पत्रव्यवहार करण्याची वेळ क्वचितच येई. आता ही स्थिती पालटली आहे. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली. त्यामुळे आजवर केवळ शेती करणारे अनेक शेतकरी आता संचालक, व्यवस्थापक व विक्रेते झाले आहेत, आणि धंद्याबरोबर धंद्याचे दप्तरही त्यांच्या घरी आले आहे. या दप्तराचा मोठा भाग कागदावर नसून ई-मेलवर असतो. तो दिसत नाही, म्हणून त्याची हेळसांड होते. आणि हेळसांडीची किंमत मात्र रोख मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात लहान शेती-उद्योगाने आपले ई-टपाल कसे सांभाळावे, त्यासाठी दिवसाचा किती वेळ द्यावा व कोणती दक्षता घ्यावी याचा विचार केला आहे. विषय स्पष्ट व्हावा म्हणून सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात असू शकेल अशी एक बेदाणा उत्पादक कंपनी डोळ्यांपुढे आणू. तिचे दोन-अडीचशे सभासद आहेत, एक व्यवस्थापक व एक लेखनिक आहे, आणि बेदाणा शीतगृहात ठेवून वर्षभर परगावच्या खरेदीदारांना विकला जातो. गूळ, हळद, डाळ, दूध किंवा रोपवाटिका यांचा व्यवसाय करणाऱ्यांनाही यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

ई-टपालाचे महत्त्व

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले ई-मेल पाठविले. पत्त्यामध्ये नाव व ठिकाण यांच्यामध्ये येणारे ‘अ‍ॅट’चे चिन्हही त्यानेच योजिले. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने संगणकीय लेखाला कागदी लेखाची मान्यता दिली. यापुढे ई-मेल हे केवळ निरोपाचे साधन राहिले नाही, तर तो एक दस्तऐवज झाला.

या कायद्यातील एक तरतूद प्रत्येक संचालकाने ध्यानात ठेवावी. पत्रे अमुक ई-मेल पत्त्यावर पाठवावीत असे आपण कळविले असेल आणि अन्य काही ठरलेले नसेल, तर त्या पत्त्याच्या व्यवस्थेत पत्र येऊन दाखल होताच ते आपणास मिळाले असे कायदा मानतो. ते उघडले की नाही, वाचले की नाही, हा प्रश्न नंतरचा. “आम्ही मेल पाहिला नव्हता” हे उत्तर म्हणून पुरेसे नाही.

करारासंबंधीही हेच म्हणता येईल. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदान्त अ‍ॅल्युमिनियम या २०१० सालच्या खटल्यात बॉक्साइटच्या पुरवठ्याविषयी ई-मेलने झालेला प्रस्ताव व त्याचा स्वीकार हा पुरा झालेला करार होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. सही-शिक्क्याचा कागद झाला नव्हता, तरीही करार ग्राह्य धरला गेला. म्हणून ‘ठीक आहे, माल पाठवा’ असे दोन शब्दांचे उत्तर देतानाही आपण आपली कंपनी बांधून घेत आहोत, याची जाणीव असावी.

न वाचलेल्या पत्राची किंमत

हेळसांडीने काय घडते ते तीन उदाहरणांवरून समजून येईल.

पहिले उदाहरण वस्तू व सेवा कराचे. नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठविलेली नोटीस ही या कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे बजावणीची एक मान्य रीत आहे. विवरणपत्रे थकल्यास “नोंदणी रद्द का करू नये” अशी विचारणा होते, आणि तिला उत्तर देण्यास कामाचे सात दिवस मिळतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा बेदाण्याचा हंगाम. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून रॅकवर पसरली, की व्यवस्थापकाचा सारा जीव आभाळाकडे लागलेला असतो. अशा वेळी सात दिवस कसे निघून गेले हे कळतही नाही. नोंदणी रद्द झाली म्हणजे करासहित बिल देता येत नाही, आणि मोठा खरेदीदार तशा बिलाखेरीज माल घेत नाही.

दुसरे उदाहरण कंपनीच्या वार्षिक विवरणपत्रांचे. ती मुदतीत दाखल न झाल्यास प्रत्येक विवरणपत्रामागे दररोज शंभर रुपये जादा शुल्क पडते. दोन विवरणपत्रे सहा महिने, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी दिवस राहिली, तर ही रक्कम छत्तीस हजार रुपये होते. एखाद्या लहान कंपनीच्या लेखनिकाचा तीन-चार महिन्यांचा पगार यातून निघाला असता. मुदतीची आठवण देणारी पत्रे बहुधा ई-मेलने आलेली असतात. ती जाहिरातींच्या ढिगाखाली गाडली गेलेली असतात, इतकेच.

तिसरे उदाहरण विक्रीच्या पैशाचे आहे आणि ते सर्वांत अधिक महत्त्वाचे आहे. उद्यम नोंदणी झालेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने एक मोठे संरक्षण दिले आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. परंतु हे दिवस मोजावयाचे कोठून? माल पोचल्यापासून पंधरा दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. हरकत घेतली, तर ती ज्या दिवशी पुरवठादाराने दूर केली तो स्वीकृतीचा दिवस. आता समजा, तासगावहून इंदूरला गेलेल्या पाच टन बेदाण्यापैकी काही पेट्यांत ओलावा अधिक असल्याचे खरेदीदाराने आठव्या दिवशी ई-मेलने कळविले. ते पत्र महिनाभर कोणी उघडलेच नाही. कंपनी मनात पंचेचाळीस दिवस मोजीत बसते. वस्तुतः मोजणीला प्रारंभच झालेला नसतो. सभासदांचे पैसे अडकतात ते येथे.

स्वतंत्र पत्ता व त्याची मालकी

व्यवस्थेचा पाया म्हणजे कंपनीचा स्वतःचा ई-मेल पत्ता. पुष्कळ ठिकाणी असे आढळते की, नोंदणीच्या धांदलीत सेवा केंद्रचालकाचा, कर सल्लागाराचा किंवा एखाद्या संचालकाच्या मुलाचा पत्ता देऊन मोकळे व्हावे लागलेले असते. पुढे सर्व नोटिसा व परवलीचे अंक त्याच पत्त्यावर जात राहतात. सल्लागार बदलला किंवा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, म्हणजे कंपनीचे टपाल दुसऱ्याच्या दारात पडू लागते. म्हणून पुढील गोष्टी प्रथम कराव्यात.

कंपनीच्या नावाने स्वतंत्र पत्ता घ्यावा. तो सोपा व फोनवर सांगता येण्याजोगा असावा. घरगुती पत्रे, मुलांच्या शाळेचे निरोप व खरेदीच्या पावत्या यांसाठी हा पत्ता कदापि देऊ नये. घरच्या धान्यात बियाण्याचे पोते मिसळू नये, तसाच हा प्रकार आहे.

वस्तू व सेवा कर, कंपनी निबंधक, अन्नसुरक्षा परवाना, उद्यम नोंदणी, बँक व विमा या सर्व ठिकाणी हाच पत्ता नोंदलेला आहे की नाही, हे एकेक करून तपासावे व नसल्यास बदलून घ्यावा. सल्लागाराला प्रत जाण्याची सोय ठेवण्यास हरकत नाही. परंतु मूळ पत्र कंपनीकडे आले पाहिजे.

पत्त्याचा पासवर्ड लांब असावा व तो अन्यत्र कोठेही वापरू नये. पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी मागणारी व्यवस्था चालू करावी. खाते परत मिळविण्यासाठी जो मोबाइल क्रमांक द्यावा लागतो, तो कंपनीच्या ताब्यातील असावा. व्यवस्थापक बदलतो तेव्हा गोदामाच्या किल्ल्या जशा पंचांसमक्ष ताब्यात घेतात, तसेच ई-मेलच्या खात्याचे हस्तांतरण करून त्याची नोंद संचालक मंडळाच्या इतिवृत्तात घ्यावी व पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

पाळीने वाचन

ई-मेलची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. काही व्यवस्थापक टपाल मुळीच पाहत नाहीत, तर काही दिवसभर तेच पाहत बसतात. मोबाइलची घंटी वाजली की हातचे काम टाकून पत्र उघडावयाचे, अर्धवट वाचून ठेवून द्यावयाचे आणि सायंकाळी ते पुन्हा शोधावयाचे, या रीतीने ना टपाल पुरे होते ना शेडवरचे काम. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १२४ प्रौढ व्यक्तींवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक आठवडा दिवसातून तीनच वेळा ई-मेल पाहावयाचे व एक आठवडा वाटेल तितक्या वेळा, असा तो प्रयोग होता. तीनच वेळा पाहण्याच्या आठवड्यात मनावरील ताण कमी असल्याचे दिसून आले.

पिकाला पाणी पाळीने द्यावे लागते. दांड सतत वाहता ठेवला तर रान चिबडते आणि पाणीही पुरत नाही. टपालाचेही तसेच आहे. लहान उद्योगाला दिवसातून दोन पाळ्या पुरेशा होतात. पहिली सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे बँका व कचेऱ्या उघडल्यावर त्याच दिवशी चौकशी करता येते. दुसरी सायंकाळी पाचच्या सुमारास, म्हणजे खरेदीदाराला उत्तर न मिळता दिवस मावळत नाही. प्रत्येक पाळीस अर्धा तास राखून ठेवावा. हंगामात तो वीस मिनिटांवर आणला तरी चालेल, पण पाळी चुकवू नये. मधल्या वेळात घंटी बंद ठेवावी. अत्यंत निकडीच्या कामासाठी फोन करावा, असे नेहमीच्या खरेदीदारांना व वाहतूकदारांना सांगून ठेवावे. व्यवस्थापक परगावी जाणार असेल, तर त्या दिवसांची पाळी कोणी सांभाळावयाची हे आधीच ठरवावे.

टपालाची प्रतवारी

बेदाण्याची प्रतवारी करताना कामगार एकेक मणी हातात घेऊन विचार करीत बसत नाहीत. रंग, आकार व डाग पाहून माल ज्या त्या ढिगात जातो. टपालाचीही अशीच प्रतवारी करावी. पाळीच्या प्रारंभी पाठविणाऱ्याचे नाव व विषय एवढेच वाचून प्रत्येक पत्र पुढील चारांपैकी एका ढिगात घालावे.

पहिला ढीग टाकाऊ पत्रांचा. जाहिराती, सवलतींची आमिषे व न मागितलेली वार्तापत्रे यांत येतात. ती तेथल्या तेथे काढून टाकावीत. जे वार्तापत्र पुनःपुन्हा येते, त्याच्या तळाशी असलेल्या ‘अनसबस्क्राइब’ या शब्दावर बोट ठेवून ते कायमचे बंद करावे. मात्र ही सोय ओळखीच्या संस्थांच्या पत्रापुरतीच वापरावी. पाठविणारा अनोळखी व संशयास्पद असेल, तर पत्रातील कशालाही स्पर्श न करता ते ‘स्पॅम’ म्हणून नोंदवावे. तण फुलावर येण्यापूर्वी उपटले म्हणजे पुढच्या वर्षीची खुरपणी वाचते.

दुसरा ढीग पाच मिनिटांत निकाल लागणाऱ्या पत्रांचा. दर विचारणारे, बिलाची प्रत मागणारे, ट्रकचा क्रमांक विचारणारे पत्र असेल, तर उत्तर त्याच पाळीत द्यावे. असे पत्र उद्यावर टाकल्यास ते पुन्हा शोधून पुन्हा वाचण्यातच पाच मिनिटे जातात.

तिसरा ढीग दुसऱ्याकडे सोपवावयाच्या पत्रांचा. कराची नोटीस सल्लागाराकडे, ओलाव्याची तक्रार प्रतवारी पाहणाऱ्याकडे, सभासदाच्या हिशेबाची चौकशी लेखनिकाकडे जावी. परंतु पत्र पुढे पाठविले म्हणजे जबाबदारी संपली असे समजू नये. कोणी, कोणत्या तारखेपर्यंत काय करावयाचे, हे त्यात एका ओळीत लिहावे.

चौथा ढीग विचार करून उत्तर द्यावयाच्या पत्रांचा. करारनामे, कर्जाचे प्रस्ताव, मालाविषयीच्या हरकती व शासकीय विचारणा यांत मोडतात. यांना त्याच दिवशी पोच द्यावी आणि अंतिम उत्तर कधी देऊ ती तारीख कळवावी. “आपले पत्र मिळाले. पेट्यांची तपासणी करून गुरुवारपर्यंत कळवितो.” एवढ्या दोन वाक्यांनी खरेदीदाराचा विश्वास टिकतो. काहीच न कळवणे हे मात्र त्याला नकारासारखे वाटते.

आठवड्यातून एकदा ‘स्पॅम’चा कप्पाही चाळावा. खरी पत्रेही कधी कधी तेथे जाऊन पडतात. जीमेलमध्ये या कप्प्यातील व कचरापेटीतील पत्रे तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतात, हे लक्षात ठेवावे.

कप्पे व बारनिशी

निकाल लागलेली पत्रे जपून ठेवण्यासाठी थोडेच पण स्पष्ट कप्पे करावेत. खरेदीदार, सभासद, कर व कायदा, बँक व विमा, वाहतूक व शीतगृह, शासकीय योजना असे सहा कप्पे बहुतेक कंपन्यांना पुरतात. वीस-पंचवीस कप्पे केले की कोणते पत्र कोठे ठेवले हेच आठवत नाही. ठराविक पत्त्यावरून येणारे पत्र आपोआप ठराविक कप्प्यात जावे, अशी सोय ‘फिल्टर’ने करता येते. ती बँकेच्या नेहमीच्या संदेशांसाठी उपयोगी आहे. कर व कायदा यांची पत्रे मात्र आपोआप बाजूस जाऊ देऊ नयेत. ती डोळ्यांखालून गेलीच पाहिजेत.

जुन्या कचेऱ्यांत आवक टपालाची बारनिशी असे. ती रीत आजही टाकाऊ झालेली नाही. तिसऱ्या व चौथ्या ढिगातील पत्रांची नोंद एका साध्या वहीत घ्यावी. वहीत सहा रकाने असावेत : आवक तारीख, कोणाकडून, विषय, उत्तराची मुदत, कोणाकडे सोपविले, आणि निकालाची तारीख. दर सोमवारी वही उघडून ज्या ओळीत शेवटचा रकाना रिकामा आहे तेवढ्याच पाहाव्यात. संचालक मंडळाच्या बैठकीतही ही वही समोर ठेवावी. वीज गेली, मोबाइल बिघडला किंवा लेखनिक रजेवर गेला, तरी कोणते काम कोठे अडले आहे हे वहीवरून कोणालाही कळते.

जपणुकीच्या मुदतीचाही विचार करावा. कंपनीचे हिशेब व त्यांचे पुरावे आठ आर्थिक वर्षे जपणे कायद्याने आवश्यक आहे. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलात आला असून, त्याप्रमाणे संगणकीय लेख न्यायालयात दाखल करताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ पत्र खात्यात शाबूत असले तर हे काम सुलभ होते. म्हणून व्यवहाराचे पत्र छापून घेतले तरी मूळ पत्र पुसून टाकू नये. खात्यातील जागा मर्यादित असते. जीमेलच्या मोफत खात्यात छायाचित्रांसह सर्व मिळून पंधरा जीबी जागा असते, आणि ती भरली की नवी पत्रे येणे थांबते. शेडवरील चित्रफिती व छायाचित्रे या खात्यात साठवू नयेत, आणि महत्त्वाच्या पत्रांची प्रत दर तिमाहीस वेगळ्या साधनावर उतरून ठेवावी.

पत्र कसे लिहावे

चांगल्या व्यापारी पत्राचे गुण सर्व काळी एकच असतात. ते थोडक्यात असावे, स्पष्ट असावे आणि वाचणाऱ्याने पुढे काय करावयाचे ते त्यात असावे. विषयाच्या ओळीत केवळ ‘बेदाणा’ किंवा ‘नमस्कार’ असे लिहून भागत नाही. ‘बेदाणा ५ टन : दर व पोचविण्याची तारीख : उत्तर १२ मार्चपर्यंत’ असा विषय लिहिला, तर पत्र उघडण्यापूर्वीच निम्मे काम होते, आणि सहा महिन्यांनी शोधतानाही ते चटकन सापडते. नमुन्यादाखल पुढील पत्र पाहावे.

“सप्रेम नमस्कार. आपण काल फोनवर कळविल्याप्रमाणे हिरवा बेदाणा, पहिली प्रत, पाच टन, आपल्या गोदामात पोचविण्याचे ठरले आहे. दर व भाडे सोबतच्या दरपत्रकाप्रमाणे राहील. माल १८ मार्च रोजी येथून निघेल. पैसे माल स्वीकारल्यापासून तीस दिवसांत द्यावयाचे आहेत. मालाविषयी काही हरकत असल्यास ती याच पत्त्यावर लेखी कळवावी. वरील अटी मान्य असल्याचे १२ मार्चपर्यंत कळवावे, ही विनंती. आपला विश्वासू, व्यवस्थापक.”

या पत्रात एकही शब्द शोभेसाठी नाही, परंतु पुढे वाद उद्भवल्यास प्रत्येक वाक्य उपयोगी पडेल. हल्ली पुष्कळसे सौदे व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा बोलण्यातून ठरतात. त्याला हरकत नाही. मात्र ठरलेली गोष्ट त्याच दिवशी अशा पत्राने कायम करावी.

एका पत्रात एकच विषय घ्यावा. दराचे, जुन्या थकबाकीचे व खोक्यांच्या तक्रारीचे पत्र एकत्र लिहिल्यास उत्तर एकाचेच येते. रागाच्या भरात लिहिलेले पत्र रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वाचावे. अनेक सभासदांना एकच पत्र पाठविताना सर्वांचे पत्ते सर्वांना दिसणार नाहीत अशा ‘बीसीसी’ रकान्यात घालावेत. सभासदांना व राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पत्रे मराठीत लिहावीत. ती युनिकोड पद्धतीने टंकलिखित करावीत, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर नीट वाचता येतात.

फसवणुकीपासून दक्षता

ई-टपालातून होणारी सर्वांत मोठी हानी खोट्या पत्रांनी होते. तिची नेहमीची रीत अशी. खोके पुरविणारा किंवा शीतगृहाचा मालक यांच्याच नावाने पत्र येते. भाषा तीच, बिलही तसेच, फक्त शेवटी एक ओळ असते : “आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम नवीन खात्यावर भरावी.” पत्ता बारकाईने पाहिला तर एखादे अक्षर निराळे आढळते; कधी पुरवठादाराचे खरे खातेच भामट्याने काबीज केलेले असते. रक्कम एकदा गेली की परत मिळणे कठीण असते.

यावर एकच नियम पाळावा, आणि त्याला अपवाद करू नये. खाते बदलल्याचे पत्र आले, तर आपल्या जुन्या वहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून, ओळखीच्या माणसाच्या आवाजात खात्री करून घ्यावी. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. ठरावीक रकमेच्या वरचा भरणा दोन व्यक्तींच्या संमतीवाचून होऊ नये, असा ठराव संचालक मंडळाने करावा.

शासनाच्या नावाने अनुदान मंजूर झाल्याची व त्यासाठी दुव्यावर माहिती भरण्याची पत्रेही येतात. पाठविणाऱ्याचा पत्ता शासकीय संकेतस्थळाच्या नावाने संपतो की नाही ते पाहावे, आणि शंका असल्यास दुवा न उघडता तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावे. पासवर्ड, परवलीचा अंक किंवा कार्डाचा क्रमांक मेलने मागणारे पत्र खोटेच समजावे. फसवणूक झाल्याचे लक्षात आल्यास लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी रक्कम वाटेत थांबविता येण्याची शक्यता अधिक असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

उत्पादक गटांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, अशा कार्यकर्त्यांना या बाबतीत पुष्कळ साह्य करता येईल. भेटीच्या वेळी पीक व शेड यांबरोबर पाच मिनिटे दप्तरासाठी द्यावीत आणि तीन प्रश्न विचारावेत. कंपनीचा ई-मेल पत्ता कोणाच्या ताब्यात आहे? तो शेवटी कधी उघडला होता? उत्तराची वाट पाहणारी किती पत्रे आहेत? या तीन उत्तरांवरून त्या गटाच्या कारभाराची नाडी कळते. गटातील एखादी शिकलेली सून, मुलगी किंवा तरुण सभासद हे काम आनंदाने व चोखपणे करू शकते. मात्र ते फुकटचे काम न समजता त्यासाठी योग्य मानधन ठरवावे, म्हणजे जबाबदारीही ठरते.

वर्षानुवर्षे साचलेली हजारो न वाचलेली पत्रे पाहून कित्येकांचा धीर सुटतो. त्यांनी सर्व पत्रे वाचण्याच्या भरीस पडू नये. प्रथम कर, कंपनी, बँक व मोठे खरेदीदार यांच्या नावाने शोध घेऊन मागील एक वर्षाची पत्रे पाहावीत व मुदती वहीत उतरवाव्यात. उरलेली सर्व पत्रे ‘जुने टपाल’ अशा एका कप्प्यात एकदमच ठेवून द्यावीत. त्या दिवसापासून नव्या टपालाला पाळी लावावी. पडीक रान एका दिवसात लागवडीस येत नाही. पण एक वाफा नीट केला म्हणजे दुसऱ्याची वाट दिसते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. कंपनीचा ई-मेल पत्ता स्वतंत्र असावा व तो कंपनीच्याच ताब्यात असावा.

२. सर्व नोंदण्यांवर हाच पत्ता असल्याची वर्षातून एकदा खात्री करावी.

३. टपाल दररोज दोन पाळ्यांत पाहावे; हंगामातही पाळी चुकवू नये.

४. प्रत्येक पत्राची प्रतवारी करावी : टाकाऊ, लगेच निकालाचे, सोपवावयाचे, विचाराचे.

५. मुदतीच्या पत्रांची नोंद वहीत घ्यावी व दर सोमवारी रिकामे रकाने पाहावेत.

६. मालाविषयीच्या हरकतीला त्याच दिवशी पोच द्यावी व हरकत दूर केल्याचे लेखी कळवावे.

७. बँक खाते बदलल्याचे पत्र फोनवर पडताळल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

सभासद आपला माल विश्वासाने कंपनीच्या स्वाधीन करतात. वर्षभर राबून तयार केलेला बेदाणा उत्तम असून पैसे अडकले, तर दोष मालाचा नसतो, दप्तराचा असतो. दिवसाकाठी एक तास एवढाच खर्च करून हा दोष दूर करता येतो. प्रत्येक शेतकरी उत्पादक कंपनीने येत्या हंगामापूर्वी ही व्यवस्था लावून घ्यावी, हेच इष्ट होय.